साप दिसला कुणाला, चावला कुणाला? : एक पेपर, एक पाटी आणि माझा नापास प्रस्ताव



'पेपर क्रिटिकली वाचा' असं प्रत्येक सर आणि मॅडम सांगतात. पण क्रिटिकली वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी बसून दाखवत नाही. मग आपण काय करतो, तर पेपरच्या शेवटी लेखकांनीच लिहिलेल्या मर्यादा उचलतो आणि आपल्या शब्दांत फिरवून मांडतो. मीही दोन वर्षं हेच केलं.

आज तीन गोष्टींचं परीक्षण करू. एक गाजलेला पेपर, एक पाटी आणि माझा स्वतःचा प्रस्ताव, जो मॅडमनी पहिल्याच वाचनात परत केला. तिन्हींच्या मुळाशी एकच प्रसंग आहे, म्हणून आधी तो सांगते.

वॉटर पार्कमधली दिवड

गेल्या मे महिन्यात ताई-दाजींकडं पुण्याला गेले होते. भाच्याची परीक्षा संपलेली, त्यामुळं वॉटर पार्कचा बेत ठरला. पार्कचं नाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही लेझी रिव्हरमध्ये ट्यूबवर तरंगत होतो. तेवढ्यात पुढून कुणीतरी 'नाग! नाग!' म्हणून ओरडलं. पुढच्या अर्ध्या मिनिटात जे झालं त्याला चेंगराचेंगरीच म्हणावं लागेल. लाइफगार्डची शिट्टी, लेकरांची रडारड, ट्यूबा एकमेकांवर चढलेल्या. एक माणूस पाण्यातून उलटा पळत येताना पडला आणि त्याचं कोपर फुटलं. त्या दिवशी सापामुळं झालेली जखम तेवढी एकच, आणि तीसुद्धा सापानं केलेली नव्हती.

साप कडेच्या गुळगुळीत फरशीवर चढायला बघत होता, घसरून परत पाण्यात पडत होता. शेवटी डिवचल्यावर त्यानं मान चपटी करून डोकं वर उचललं. झालं, लोकांची खात्रीच पटली. एका गार्डनं पाइपानं त्याला ठेचला. दाजींनी व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, 'वॉटर पार्कमध्ये कोब्रा!!!' पाच मिनिटांत हदगावहून आईचा फोन आला.

साप मेल्यावर मी जवळ जाऊन पाहिला. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी ठिपके, डोळ्याखाली दोन काळ्या तिरप्या रेषा. ती दिवड होती, आपल्याकडं कुणी विरोळाही म्हणतं. विहिरीत, नाल्यात, शेततळ्यात राहणारी, बेडूक-मासे खाणारी, बिनविषारी. चिडकी असते, चावतेही, पण तिच्यात विष नाही. भ्याली की नागासारखी मान पसरवते आणि त्याच नक्कलेपायी जीव गमावते.

माझं पीएचडीचं काम शेततळ्यांमधल्या बेडकांवर आहे, त्यामुळं ती तिथं कशी आली याचं मला नवल वाटलं नाही. भर मे महिन्यात, आजूबाजूचं सगळं रान करपलेलं असताना, रोज पाणी मारलेली हिरवीगार लॉन, रात्रभर जळणारे दिवे, दिव्यांखाली किडे, किड्यांमागं बेडूक, खाण्याच्या स्टॉलमागं खरकटं, खरकट्यावर उंदीर. दिवडीला आणि धामणीला आणखी काय लागतं? आपण पार्क माणसांसाठी बांधतो, पण दगड, पाणी आणि सावली बघायला येणाऱ्याला तिकीट नसतं.

आता मुख्य गोष्ट. चप्पल शोधत मी लॉकरमागं गेले, तिथं झाडू घेऊन एक मावशी उभ्या होत्या. माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "कुठल्या तुमी?" म्हटलं, हदगाव, नांदेड जिल्हा. त्या हसल्या. "मंग आपल्याच की. मी उमरखेडची. पैनगंगा ओलांडली की तुमचं गाव." मी विचारलं, मावशी, इथं साप नेहमी निघतात का?

"निघतेत की. पावसाळ्यात तर पंपाच्या खोलीत, पाल्याच्या ढिगात, कुठंबी. गिऱ्हाइकासमोर निघाला तरच बोंब होते. आमच्यासमोर निघाला तर आमीच हाकलतो."

कुणाला चावला का कधी? त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "एका पोऱ्याला चावला होता मागच्या साली. सकाळी पाला उचलताना. वाचला तो. पन कागदावर गावाकडं चावला म्हून लिवलं."

"कामून?"

"आता कामून ते तुमीच सांगा. तुमी शिकलेल्या."

पहिलं परीक्षण : माझा प्रस्ताव

परत आल्यावर मी उत्साहात एक छोटा प्रस्ताव लिहिला. शीर्षक होतं, 'पर्यटनस्थळी सर्प व वन्यजीव दर्शन : पर्यटकांचे ज्ञान, दृष्टिकोन आणि वर्तन.' पद्धत? २०० पर्यटकांचा गुगल फॉर्म. साप पाहिला का, ओळखता येतो का, पाहिल्यावर काय केलं, वगैरे. तक्ते, टक्केवारी, काय-वर्ग चाचणी, सगळं ठरलेलं.

मॅडमनी वाचून एकच प्रश्न विचारला, "ज्याला साप चावतो, तो हा फॉर्म भरतो का?"

तेव्हा राग आला होता. आज त्या प्रश्नाचा अर्थ आकड्यांत मांडून बघू. खालचे आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्याही पार्कचे नाहीत.

समजा पार्कला रोज २,००० पर्यटक येतात आणि प्रत्येक जण ८ तास थांबतो. म्हणजे दिवसाला १६,००० पर्यटक-तास. कामगार १०० आहेत, तेही ८ तास थांबतात. म्हणजे ८०० कामगार-तास. तासागणिक साप समोर येण्याची शक्यता दोघांना सारखीच धरली, तर दर २१ प्रसंगांपैकी २० पर्यटकांच्या वाट्याला येतील. आपण लगेच लिहून मोकळे होऊ, 'पर्यटकांना सर्वाधिक धोका.'

आता हेच माणशी मोजा. पर्यटक वर्षातून एकदा येतो, ८ तास. कामगार वर्षाला ३०० दिवस येतो, २,४०० तास. एका माणसाचा वर्षभराचा धोका पाहिला तर कामगाराचा ३०० पट आहे. माहिती तीच, पार्क तोच, छेद बदलला की निष्कर्ष उलटा.

आणि 'तासागणिक शक्यता सारखी' हे गृहीतकही कामगाराच्या विरोधातच जातं. पर्यटक येतो ऊन वर आल्यावर आणि चालतो फरशीवरून. कामगार येतो गेट उघडायच्या आधी. रात्रभर पडलेला पाला हातानं उचलतो, पंपाच्या अंधाऱ्या खोलीत वाकतो, रात्रपाळीला लॉनच्या कडेनं फिरतो. म्हणजे ३०० हा आकडासुद्धा कमीच असणार.

माझ्या प्रस्तावातली चूक नमुन्याच्या आकाराची नव्हती. २०० ऐवजी २,००० फॉर्म भरून घेतले असते तरी चूक तेवढीच राहिली असती, उलट तिच्यावरचा विश्वास वाढला असता. ज्याच्यापर्यंत पोचणं सोपं, त्यालाच मी 'समष्टी' म्हटलं. सोयीचा नमुना घेणं हा गुन्हा नाही, पण सोयीच्या नमुन्याला गैरसोयीचा प्रश्न विचारून चालत नाही.

प्रामाणिकपणे एक कबूल करते. मावशींचं बोलणं ऐकल्यावरसुद्धा मी पर्यटकांचाच फॉर्म केला. कारण मीही तिथं पर्यटक होते. घाबरलेली माणसं मला दिसली, कारण ती माझ्यासारखी होती.

दुसरं परीक्षण : दहा लाख मृत्यूंच्या अभ्यासातले साप

आता पेपरकडं येऊ. २०११ साली 'पीएलओएस नेग्लेक्टेड ट्रॉपिकल डिसीजेस' या जर्नलमध्ये भारतातल्या सर्पदंश-मृत्यूंवर एक निबंध आला. त्याआधी देशात वर्षाला सर्पदंशानं किती माणसं मरतात याचे अंदाज किती होते माहिती आहे? सुमारे १,३०० पासून ५०,००० पर्यंत. एवढ्या फरकाला अंदाज म्हणायचं तरी कसं? दवाखान्याच्या नोंदी मोजणाऱ्यांना लहान आकडा मिळत होता, कारण चावा बसलेला माणूस दवाखान्यात पोचतच नव्हता.

या अभ्यासानं दवाखान्याचा दरवाजा सोडला आणि घराचा दरवाजा वाजवला. भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीतल्या गावांत आणि वस्त्यांत ज्या घरी मृत्यू झाला, तिथं कार्यकर्ता गेला. घरच्यांना विचारलं, काय झालं होतं, कसं झालं, किती वेळात गेला. ते सगळं लिहून घेतलं आणि दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे वाचून मृत्यूचं कारण ठरवलं. याला 'व्हर्बल ऑटोप्सी' म्हणतात. २००१ ते २००३ या काळातल्या सुमारे १,२३,००० मृत्यूंपैकी ५६२ सर्पदंशाचे निघाले आणि त्यावरून देशाचा वार्षिक अंदाज आला ४५,९००. त्यातले ९७ टक्के ग्रामीण भागातले.

याच मालिकेतला पुढचा निबंध २०२० साली 'ईलाइफ'मध्ये आला. यात २००१ ते २०१४ मधल्या ६,११,४८३ व्हर्बल ऑटोप्सी होत्या. त्यांत सर्पदंशाचे मृत्यू २,८३३, म्हणजे साधारण ०.४६ टक्के. त्यावरून २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात १२ लाख माणसं सापानं गेली असा अंदाज काढला. वर्षाला सरासरी ५८,०००. भारतीय माणसाला सत्तरीच्या आत सर्पदंशानं मृत्यू येण्याची शक्यता सुमारे २५० त एक. मेलेल्यांत पाव भागाहून जास्त १५ वर्षांखालची लेकरं.

दोन्ही निबंध फुकट वाचायला मिळतात. जरूर वाचा. माझ्या मते पद्धतीच्या दृष्टीनं हा अलीकडचा फार मोलाचा अभ्यास आहे आणि त्याचं मोल एका साध्या निर्णयात आहे. नोंद जिथं होते तिथं न थांबता, घटना जिथं होते तिथं जायचं. महागडं यंत्र लागलं नाही, फक्त प्रश्न विचारायची जागा बदलली. माझ्या गुगल फॉर्मनं जे केलं, त्याच्या बरोबर उलट.

मग त्यात खोट काय? खोट म्हणण्यापेक्षा, आपण तो वाचताना कुठं घसरतो ते सांगते. तीन जागा आहेत.

पहिली जागा, 'घरी'. २०२० च्या निबंधाच्या सारांशात आहे की बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात घरी झाले. हे वाक्य मृत्यूच्या ठिकाणाचं आहे. मी किमान तीन सेमिनारमध्ये ते 'बहुतेक लोकांना साप घरात चावतो' असं ऐकलंय. ही दोन पूर्ण वेगळी वाक्यं आहेत. माणूस रानात चावून घरी आणला आणि घरी गेला, तर मृत्यू घरीच झाला. मण्यारीसारखा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला घरातच चावतो, हेही खरं. पण किती जणांना कुठं चावला, हे 'मृत्यू कुठं झाला' या रकान्यातून काढता येत नाही. आता उमरखेडच्या मावशींचं वाक्य आठवा. 'गावाकडं चावला म्हून लिवलं.' चावा एका जिल्ह्यात, कागद दुसऱ्या जिल्ह्याचा. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाचा चावा असा नकाशावरून पुसला जाऊ शकतो.

दुसरी जागा, 'आठ राज्यं'. सुमारे ७० टक्के मृत्यू आठ राज्यांत झाले असं निबंध सांगतो : बिहार, झारखंड, मध्य प्रदेश, ओडिशा, उत्तर प्रदेश, तेलंगणासह आंध्र प्रदेश, राजस्थान आणि गुजरात. यात महाराष्ट्र नाही. लगेच आपल्याकडं निष्कर्ष निघतो की महाराष्ट्रात प्रश्न तेवढा गंभीर नाही. पण राज्य हा सरासरीचा डबा आहे. त्यात मुंबई आहे आणि हदगावही आहे. नकाशावर आमच्या एका अंगाला तेलंगणा, पैनगंगेच्या पलीकडं विदर्भ. सोयाबीनची गंजी उचलताना, हळदीच्या रानात पाणी धरताना जो साप निघतो त्याला राज्याची सीमा ठाऊक नाही. यादीत नसणं म्हणजे धोका नसणं नव्हे. ही चूक लेखकांची नाही, आपली आहे. राज्याचं उत्तर घेऊन आपण तालुक्याचा प्रश्न सोडवायला जातो.

तिसरी जागा जास्त अवघड. घरच्यांना विचारून कारण ठरवायचं, तर घरच्यांना कारण माहीत असावं लागतं. घोणस चावली की सूज, वेदना, रक्त. सगळ्या गल्लीला कळतं. मण्यारीचं तसं नाही. दात बारीक, वेदना नसल्यासारखी, बऱ्याचदा खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास लागतो. सापच पाहिला नसेल तर घरचे सांगतील, 'पोटात दुखून गेला.' म्हणजे मोठा वाटणारा ५८,००० हा आकडासुद्धा काही बाबतींत कमी असू शकतो. शिवाय हा हिशेब फक्त मेलेल्यांचा. ज्याचं बोट गेलं, ज्याची किडनी खराब झाली, जो पार्कमधल्या त्या पोरासारखा वाचला, तो मृत्यूंच्या अभ्यासात येणारच नाही. तो त्या अभ्यासाचा प्रश्नच नव्हता.

इथं एक लक्षात घ्या. मी पेपरला 'कमी' म्हटलं नाही. मी विचारलं की हा पेपर कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि आपण त्याच्याकडून कोणतं उत्तर मागतोय. क्रिटिकल वाचन म्हणजे बहुतेक वेळा एवढंच असतं.

तिसरं परीक्षण : पाटी

पाटीचं काय परीक्षण करायचं, असं वाटेल. पण पाटी हाही मजकूरच आहे आणि तो चुकला तर किंमत मोठी असते.

अमेरिकेत फ्लोरिडामधल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या एका रिसॉर्टच्या तलावाकाठी जून २०१६ मध्ये दोन वर्षांच्या एका लेकराला अॅलिगेटरनं, म्हणजे मगरीच्या भाऊबंदानं, ओढून नेलं. ते लेकरू गेलं. तलावाकाठी तेव्हा पाट्या होत्या. त्यांवर लिहिलं होतं, 'पोहू नये'. लेकरू पोहत नव्हतं, काठाला उथळ पाण्यात होतं. पुढच्या काही दिवसांत कुंपण घातलं आणि नव्या पाट्या लागल्या. या भागात अॅलिगेटर व साप आहेत, पाण्यापासून लांब राहा, वन्यप्राण्यांना खाऊ घालू नका, अशा अर्थाच्या.

जुन्या पाटीत नेमकं काय चुकलं होतं? नियम होता, कारण नव्हतं. स्थानिक माणसाला कारण सांगायची गरज नसते. फ्लोरिडातल्या माणसाला गोड्या पाण्यात काय असतं ते ठाऊक असतं, जसं आमच्या आईला गंजीखाली काय असतं ते ठाऊक आहे. पण पर्यटनस्थळ म्हणजे व्याख्येनंच अशी जागा, जिथं वाचणारा स्थानिक नाही. त्यानं 'पोहू नये'चा अर्थ 'बुडाल' असा लावला, तर चूक त्याची नाही.

त्याच पार्कमध्ये सप्टेंबर २०२३ मध्ये एक अस्वल मादी झाडावर चढून बसली. तेव्हा आजूबाजूचा भाग बंद ठेवला, वनखात्याच्या लोकांनी तिला पकडलं आणि जंगलात नेऊन सोडलं. पाइप कुणी उचलला नाही. कारण काय करायचं ते कुणाला तरी आधीच माहीत होतं.

आम्ही गेलो त्या पार्कची पाटी याच्या उलट चुकली होती. 'सापांपासून सावधान.' इथं कारण आहे, कृती नाही. सावधान म्हणजे काय करू? पळू? मारू? कुणाला बोलवू? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ती पाटी होती पार्किंगजवळ, पर्यटकांसाठी. पंपाच्या खोलीवर पाटी नव्हती. मी मुद्दाम जाऊन पाहिलं.

पाटीवर काय हवं होतं? लांब राहा. डिवचू नका. या नंबरवर कळवा. चावलाच तर अवयव हलवू नका, कापू-चोखू नका, आवळून बांधू नका, सरळ प्रतिविष असलेल्या दवाखान्यात जा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालतं, त्यामुळं साप मारून सोबत न्यायची गरज नाही. एवढं पाच ओळींत बसतं.

मध्येच एक आठवण : ७२ साप, ७२ तास

सुट्टीची जागा आणि साप हे नातं महाराष्ट्रात नवं नाही. पुण्याचे नीलिमकुमार खैरे माथेरानच्या एका हॉलिडे होममध्ये नोकरीला होते. तिथं साप निघायचे आणि लोक मारायचे. ते पाहून त्यांनी साप पकडून लांब सोडायला सुरुवात केली. पुढं जानेवारी १९८० मध्ये पुण्यात ते ७२ सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. त्यातले बहुतेक साप विषारी होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना दाखवायचं होतं. नंतर १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं.

मला या गोष्टीबद्दल आदर आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी सर्पमित्रांची सुरुवात अशा प्रयोगांमुळं झाली असेल. पण संशोधनाची विद्यार्थिनी म्हणून दोन प्रश्न पडतात. एक, काचेच्या खोलीत शांत बसणारा जाणकार माणूस आणि पहाटे पाल्यात हात घालणारा कामगार यांची परिस्थिती एक नाही. 'डिवचल्याशिवाय चावत नाही' हे खरं असलं, तरी पाला उचलणाऱ्याला कळतच नाही की आपण डिवचलं. हे वाक्य पर्यटकाला धीर देतं आणि कामगाराला नकळत दोषी ठरवतं.

दोन, 'पकडून लांब सोडणं' हा उपाय आपण तपासला आहे का? जुन्नर भागातल्या बिबट्यांबाबत विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की बिबटे मोठ्या संख्येनं पकडून दुसरीकडं सोडायला लागल्यावर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. बिबट्याचा निष्कर्ष सापाला तसाच लावता येणार नाही. पण प्रश्न नक्की लावता येतो. पार्कमधून उचललेली दिवड कुठं सोडली? तिथं ती जगली का? आणि लॉन, दिवे, खरकटं तसंच राहिलं, तर तिच्या जागी पुढच्या आठवड्यात कोण आलं?

मग प्रस्तावाचं काय झालं?

मॅडमनी परत केल्यावर मी तो बदलला. शीर्षक आता लांबलचक नाही. प्रश्न एकच ठेवला. सुट्टीच्या ठिकाणी काम करणाऱ्या माणसांना साप कधी, कुठं आणि कोणतं काम करताना भेटतात? पर्यटकांचा फॉर्म काढून टाकला. त्याऐवजी माळी, सफाई, पंप आणि रात्रपाळी अशा चार कामांतल्या लोकांशी त्यांच्या भाषेत, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्या घरी बोलायचं. कामाच्या जागी नाही, कारण तिथं मालक असतो. 'चावला का' असं विचारण्याआधी 'कालच्या दिवसात कुठं कुठं हात घातला' हे विचारायचं. आणि चावल्याचं सांगितलं, तर 'कागदावर काय लिहिलं' हा वेगळा रकाना.

मावशींचं वाक्य मी पुरावा म्हणून कुठंही वापरलेलं नाही. एका माणसाचं ऐकीव सांगणं हा पुरावा नसतो. पण गृहीतक त्यातूनच आलं आणि ते तपासायचं की नाही, हे माझ्या हातात होतं. 'एकच उदाहरण आहे' म्हणून ते सोडून देणंही तितकंच अशास्त्रीय झालं असतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना सांगितलं की सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला विषय करा. चांगली गोष्ट आहे. पण नोंद बंधनकारक झाली म्हणजे ती खरी होईल असं नाही. 'चावा कुठं बसला' या रकान्यात काय लिहिलं जातं, त्यावर पुढच्या वीस वर्षांचे पेपर उभे राहणार आहेत. तुमच्यातलं कुणी तेव्हा ते पेपर लिहीत असेल.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयातला एक पेपर घ्या आणि वहीत चारच ओळी लिहा. यात कुणाला मोजलं? कुठल्या दरवाजात उभं राहून मोजलं? छेदात काय आहे? आणि ज्याला ही गोष्ट सगळ्यांत जास्त भोवते, तो माणूस त्या दरवाजातून आत येऊ शकतो का? चौथ्या ओळीला अडलात, तर समजा की तुमचा प्रस्ताव तिथून सुरू होतो.

दाजींच्या व्हिडिओखाली मी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं होतं, 'कोब्रा नाही, दिवड आहे, बिनविषारी.' त्याला दोन अंगठे आले. व्हिडिओ मात्र 'कोब्रा' म्हणूनच फिरत फिरत मला परवा हदगावच्या मैत्रिणीकडून परत आला. पाला उचलताना चावा बसलेल्या त्या पोराचा व्हिडिओ कुणीच काढलेला नाही.